पियानोला पस्मा झाला होता

सान्ता कासिल्दाच्या चर्चमागच्या सभागृहात त्या शनिवारी दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. बाकांवर माणसं, बाकांच्या पाठींवर माणसं, खिडक्यांच्या गजांना लटकलेली पोरं, आणि दारात उभी असलेली एक गर्भार बाई, जिला जागा द्यायला सगळेच सांगत होते पण स्वतःची कोणी देत नव्हतं. एरवी याच सभागृहात गावसभा भरली की गावप्रमुख कापिताना तेओफिस्ताला माणसं गोळा करण्यासाठी बिस्किटं वाटावी लागत. आज बिस्किटांशिवाय अख्खं गाव लोटलं होतं, कारण आज पियानो बरा होणार होता.

पियानो मधोमध उभा होता, तीन पांढऱ्या चादरींत गुंडाळलेला. समोर आपो लासारो डोळे मिटून उभे होते, आठवड्याभरापूर्वी व्हॅनमधून गावात आलेले, तेल आणि प्रार्थनेने दुखणी बरी करणारे बाबा. साठीचा तुकतुकीत माणूस, अंगात कडक इस्त्रीचा पांढरा बारोंग सदरा, हातात नारळाच्या तेलाची बाटली. धुपाचा धूर इतका की पुढच्या रांगेतल्या बायका भक्तीने रडत होत्या की धुराने, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

"लेकरांनो," आपो म्हणाले, "याला तुम्ही लाकूड समजता. लाकूड नाही हे, देह आहे. याला पस्मा झालाय."

कोणी हसलं नाही. हसण्यासारखं काही नव्हतंच. तापलेल्या हाताला गार पाणी लागलं की पस्मा होतो, शिरा आखडतात, बोटं थरथरतात, हे त्या गावात रांगत्या पोरालाही ठाऊक. इस्त्री करून उठलेली बाई तासभर हात धूत नाही. आणि इथे तर गेल्या सोमवारी दातांच्या डॉक्टरच्या बायकोने तालमीत तासभर पियानो बडवून तापवला आणि लगेच चर्चच्या सेवकाने पट्ट्यांवर ओलं फडकं फिरवलं. मंगळवारी मधल्या सप्तकातली 'ला'ची पट्टी मुकी झाली. आता याला पस्मा नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?

सर्वांत मागे, भिंतीला खांदा लावून, मानांग पुरिंग उभी होती, मानांग म्हणजे ताई, जसं दादाला मानोंग. ती नुकतीच नीग्रोस बेटाच्या बोटीतून उतरून आली होती. घराला कुलूप दिसलं तेव्हा शेजारीण म्हणाली, तुझी लेक सभागृहात आहे, तू पण पळ, नाहीतर चमत्कार हुकेल. म्हणून ती हत्यारांच्या पिशवीसकट इकडे आली. तिचं पोट पियानोवरच चालायचं. आधी बापाच्या हाताखाली आणि तो गेल्यावर एकटीने, तिने या किनाऱ्यावरचे सगळे पियानो उघडले होते. कॉन्व्हेंटचे, हॉटेलांतले, साखरवाल्या जुन्या घराण्यांच्या दिवाणखान्यांतले, ज्यांत घरच्या माणसांपेक्षा वाळवीलाच जास्त संगीत कळत असे. समोरचा पियानो तर तिने इतक्यांदा उघडला होता की त्यातली झुरळंही तिच्या ओळखीची होती.

"दोमिनुस पियानुस," आपोंनी सुरू केलं. "सानातुस, सानातुस, कॉर्दा व्हिव्हुस." ही लॅटिन असावी असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. लॅटिन येणारा गावातला एकुलता एक माणूस म्हणजे पाद्री, आणि ते दहा दिवसांच्या एकांतवासाला मनिलाला गेले होते.

चादरी उतरल्या. आपोंनी तेलात बुडवलेलं बोट 'ला'वर ठेवलं आणि दाबलं. सूर निघाला, गोल आणि स्वच्छ. सभागृहात आधी शांतता पसरली आणि मग एकदम हुंदके, टाळ्या आणि जपमाळांचा खुळखुळाट.

पुरिंगने मात्र मान तिरकी केली. सूर बरोबर होता, पण शेजारच्या सुरांपेक्षा किंचित मऊ होता, किंचित जड. हातोडीला थोडं जास्त वजन झालं की असा निघतो. आत तारांवर आपटणारी लोकरीच्या टोपीची हातोडी असते, ती एका पेन्सिलीएवढ्या गोल दांडीवर बसवलेली असते. ही दांडी मोडली की पट्टी मुकी होते. एवढाच तो पस्मा. तिने मनाशी म्हटलं की कोणीतरी दांडी जोडलीय, आणि जोडून फार वेळ झालेला नाही.

ती जायला वळणार, इतक्यात आपो म्हणाले, "आणि आता आपली सेलेरिना."

पुढच्या रांगेतून पुरिंगची लेक उठली. बावीस वर्षांची, डावा हात कोपराखालपासून तळव्यापर्यंत प्लास्टरमध्ये. दोन आठवड्यांपूर्वी ओल्या वळणावर तीनचाकीतून फेकली गेली होती आणि हाताची दोन्ही हाडं मोडली होती. इलोइलोच्या सरकारी हॉस्पिटलात डॉक्टरने हाडं जुळवून प्लास्टर घातलं आणि सहा आठवडे सांगितले. आपोंनी प्लास्टरवर तेलाचं बोट ओढलं आणि जाहीर केलं की हाड केव्हाच जुळलंय, आत कोंडलाय तो पस्मा. उद्या प्रार्थना झाली की इथेच कात्रीने हे दगडी कवच कापायचं. नऊ दिवसांवर आलेल्या गावच्या सणाला सेलेरिना याच पियानोवर दोन्ही हातांनी वाजवेल. इलोइलोच्या रेडिओची माणसंही उद्या येणार होती.

पुरिंग जागीच थांबली. पियानोचं काय, तो पुन्हा दुरुस्त करता येतो.

दोघी घरी आल्या. भात आणि सुकी मासळी पानात पडली, लेकीने एका हाताने भाताचे गोळे केले आणि तसेच ठेवले. पुरिंगने आधी गोडीत विचारलं, मग आवाज चढवला, मग पुन्हा गोडीत आली. शेवटी सेलेरिनाच बोलायला लागली. सणाला मनिलाच्या संगीत महाविद्यालयातल्या बाई पाहुण्या म्हणून येणार होत्या. दर वर्षी त्या या भागातली एक मुलगी निवडून नेत. वयाची अट बावीस. पुढच्या वर्षी सेलेरिना तेवीस होणार होती.

"सहा आठवडे थांबले तर जन्मभर याच गावात लग्नांत वाजवत बसायचं," ती म्हणाली. "नऊ दिवस आहेत माझ्याकडे, नानाय. फक्त नऊ."

"म्हणून कच्चं हाड उघडायचं?"

"कच्चं आहे हे तुला काय माहीत?"

"डॉक्टर म्हणाला."

"डॉक्टरने दोन मिनिटं पाहिलं. आपो रोज संध्याकाळी येऊन बसायचे. आणि तू," ती क्षणभर थांबली, "तू नव्हतीसच."

हे खरं होतं. हात मोडल्याच्या पाचव्या दिवशी पुरिंग नीग्रोसला गेली होती. कॉन्व्हेंटच्या परीक्षा तोंडावर होत्या, सहा पियानो लावायचे होते आणि तिथल्या नन्सना शब्द दिलेला होता. जा म्हणाली होती सेलेरिनाच, तरी पुरिंगला तो घाव लागायचा तिथे लागलाच.

मग तिने विचारलं की पियानोतली ती दांडी मोडलेली कोणी पाहिली होती का. सगळ्यांनी पाहिली होती. कापितानाने वरचं झाकण काढलं तेव्हा हातोडीचं डोकं आत पडलेलं होतं, आणि सेलेरिनाने स्वतः तो तुकडा हातात घेतला होता. मग आपो आले, तुकडा जागच्या जागी ठेवायला सांगितला आणि तीन दिवसांचं व्रत मांडलं. सभागृहाला कुलूप. आत फक्त आपो आणि त्यांचा शिष्य सिम्प्लिसिओ, जो मौनात होता आणि ज्याच्याजवळ भजनाच्या गिटारीची पेटी तेवढी होती. पियानोच्या आत एक दिवा अखंड जळत ठेवायचा, पुनरुत्थानाचा दिवा. बायकांनी बाहेर बसून जपमाळ म्हणायची, आणि दुपारी दोन ते तीन तर एकदम मोठ्याने म्हणायची, कारण त्या तासाला सैतान जवळ असतो.

"दिवा तेलाचा होता का विजेचा?" पुरिंगने विचारलं.

"विजेचा. पंचवीसचा."

पुरिंगने कपाळाला हात लावला. पावसाळ्यात पियानोच्या पोटात बल्ब लावून ठेवायचं तिनेच या गावाला शिकवलं होतं, ओल धरू नये म्हणून. तिचाच बल्ब आता संतपदाला पोचला होता.

"हे बघ," ती म्हणाली. "तू मोठी आहेस, तुला मी बांधून ठेवू शकत नाही. उद्या तुझ्या आधी मी त्या दांडीकडे बघते. ती माणसाने जोडलीय हे दाखवता नाही आलं, तर कात्री मी स्वतः धरेन."

सेलेरिनाने होकारार्थी मान हलवली. ते जेवण मात्र दोघींनाही गेलं नाही.

सकाळी सातलाच पुरिंग कापिताना तेओफिस्ताच्या दारात हजर झाली आणि सभागृहाची किल्ली मागितली. कापिताना केसांना रोलर लावून बसली होती, रेडिओवर केस दिसत नाहीत हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिने किल्ली द्यायला साफ नकार दिला. आपोंनी बजावलं होतं की सात दिवस आत हात घालायचा नाही, नाहीतर आजार उलटेल. पुरिंग म्हणाली की या पियानोची देखभाल माझ्याकडे आहे. कापिताना म्हणाली की होती, पण आता त्याचं सगळं वरून बघितलं जातंय. वर म्हणजे कुठे, ते तिने बोटाने दाखवलं. त्या दिशेला छतावरची पाल होती.

परत येताना पुरिंगला चर्चच्या पायरीवर सिम्प्लिसिओ दिसला. चाळिशीचा, हडकुळा, मान खाली घालून पाव खात बसलेला. तिने नमस्कार केला, त्याने मौनातच हसून उत्तर दिलं. त्याच्या उजव्या अंगठ्याच्या नखाला सुकलेल्या सरसासारखा पिवळट थर होता, आणि तर्जनीवर आडवा बारीक कापल्याचा व्रण. घट्ट दोरा ओढणाऱ्या हातांना असे व्रण पडतात, तिच्या बापाच्या बोटावरही होता. सेबूकडचे गिटार बनवणारे कारागीर तिने पाहिले होते, त्यांची बोटंही अशीच. ती काही बोलली नाही, पण तिची चाल सावकाश झाली.

प्रार्थनेनंतर सभागृह कालच्यापेक्षा जास्त भरलं. रेडिओचा एक तरुण हातात माइक घेऊन घामाघूम उभा होता. पियानोचं वरचं झाकण काढून ठेवलेलं, म्हणजे बरा झालेला रोगी सगळ्यांना दिसावा, पण पुढे दोरी बांधलेली, म्हणजे फार जवळून दिसू नये. टेबलावर विकायच्या तेलाच्या बाटल्यांची रांग होती आणि एका ताटलीत मोठी कात्री. आपोंनी सेलेरिनाला खुर्चीवर बसवलं आणि लॅटिनला तोंड फोडलं.

तेवढ्यात पुरिंग उठली. ती म्हणाली की मी मुलीची आई. माझ्या मनात शंका आहे, ती फिटली तर कात्री मी धरेन. पण आधी जो बरा झाला त्याला बघू द्या.

आपो हसले. शंका घेणारी आई रेडिओसमोर शरण येणार, असा योग रोज येत नाही. त्यांनी दोरी सोडायला लावली आणि हात न लावता बघायची परवानगी दिली. पुरिंगने पिशवीतून बॅटरी काढली, वाकली आणि अठ्ठ्याऐंशी हातोड्यांच्या रांगेत 'ला' शोधला.

आणि क्षणभर ती सगळं विसरली. दांडीची दोन्ही मोडकी टोकं लांब तिरकी तासून एकमेकांवर बसवली होती, सांध्यात केसही शिरला नसता. वर चहाच्या पाण्यात रंगवलेला दोरा, वेढ्याला वेढा चिकटलेला, लाकडाच्या रंगात विरून गेलेला. सरसाचा एक थेंब कुठे ओघळलेला नाही. हातोडी तारांवर सरळ, ना डावी ना उजवी. तिच्या बापानेही याला बरं म्हटलं असतं, आणि तिचा बाप कशालाच बरं म्हणत नसे.

"काय दिसतंय, मानांग?" रेडिओच्या तरुणाने माइक पुढे केला.

"दांडी दिसतेय. तिच्यावर दोरा गुंडाळलेला दिसतोय."

सभागृहात कुजबुज झाली. आपो डोळेही न उघडता म्हणाले की तो दोरा देवदूतांनी बांधला.

"बांधला असेल," पुरिंग म्हणाली. "पण देवदूताचा हात कच्चा आहे. सांधा आखूड कापलाय. पंधरा दिवसांत सुटेल."

"आखूड?"

हा आवाज कोणाचा, हेच आधी कोणाला कळलं नाही, कारण तो याआधी कोणी ऐकलाच नव्हता. सिम्प्लिसिओ भिंतीपासून दोन पावलं पुढे आला होता. त्याचे कान लाल झाले होते.

"पावणेदोन इंचांचा सांधा आहे," तो म्हणाला. "जाडीच्या आठपट. याहून लांब काय कापायचा, अख्खी दांडीच?"

"आणि दोरा सैल आहे," पुरिंग त्याच्याकडे न बघता म्हणाली.

"सैल? मेण लावलेला दोरा आहे, दाताने ओढून गुंडाळलाय. बोट बघा माझं."

"सरस तरी धड वापरायचा. बाजारातला पांढरा दिसतोय."

"तोंड सांभाळून बोला, मानांग. बाजारातला सरस मी माझ्या गिटारीला कधी लावला नाही. म्हशीच्या कातड्याचा आहे, स्वतः उकळलेला."

"मग वास आला असेल की सगळीकडे."

"म्हणून तर एवढा धूप," सिम्प्लिसिओ म्हणाला, आणि थांबला. त्याचा हात तोंडाकडे गेला, पण जे निघायचं ते निघून गेलं होतं. मागच्या रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. आपोंचे डोळे आता उघडले होते.

पुरिंग लोकांकडे वळली आणि साध्या आवाजात एकेक गोष्ट उलगडत गेली. व्रत तीन दिवसांचं का, तर या दमट हवेत सरस पक्का धरायला तीन दिवस लागतात. आतला दिवा कशाला, तर सरसाला ऊब हवी. चादरी त्या उबेसाठी आणि झाकायला. दोन ते तीन या वेळेत बायांनो तुम्हाला का ओरडायला लावलं, तर तेव्हा आत करवत आणि कानस चालली होती. आणि गिटारीच्या पेटीत काय होतं ते उघडून बघा. कोणी उघडून बघितलं नाही, पण सगळ्यांची मान पेटीकडे वळली, आणि दातांच्या डॉक्टरची बायको बारीक आवाजात म्हणाली की माझा तर दुपारचा जप करून करून घसा बसला होता.

आता गाव चवताळून उठेल असं कोणाला वाटलं असेल तर त्याने हे गाव पाहिलेलं नाही. आपोंनी एक खोल श्वास घेतला आणि त्याच गोड आवाजात सांगितलं, "लेकरांनो, देव काम करतो ते माणसाच्याच हातून ना? मी प्रार्थना केली. देवाने सिम्प्लिसिओचे हात वापरले."

आणि लोकांच्या माना हलू लागल्या. खरंच की, कापिताना म्हणाली, म्हणजे झालाच ना चमत्कार. एका म्हाताऱ्याने विचारलं की मग तेलाचा भाव तोच का. पुरिंगने सगळं दाखवलं होतं, सगळ्यांनी पाहिलं होतं, आणि तरी ती जिथे होती तिथेच उभी होती. तिला लेकीकडे बघायचंही धाडस होईना.

सेलेरिना खुर्चीवरून उठली. ताटलीतली कात्री तिने उजव्या हातात घेतली. पुरिंग एक पाऊल पुढे सरकली. पण मुलगी प्लास्टरकडे वळली नाही. ती पियानोपाशी गेली, आत वाकली आणि कात्रीचं टोक त्या दोऱ्याला लावलं.

"देवाने जोडलंय ना," ती म्हणाली. "मग दोरा कशाला? कापते."

"नको," सिम्प्लिसिओ जवळजवळ धावलाच. "अगं पोरी, नको. वरून सुकलाय, आत अजून ओला आहे. आठवडाभर तरी तसाच बांधलेला राहू दे, नाहीतर पहिल्याच ठोक्याला सुटेल."

"आपो, कापू ना?" तिने मान वळवून विचारलं.

आपो तोंडातल्या तोंडात काहीतरी लॅटिन पुटपुटले. कापू दे असं मात्र ते म्हणाले नाहीत.

सेलेरिना सिम्प्लिसिओकडे बघत राहिली. "पेन्सिलीएवढ्या लाकडाला एवढे दिवस बांधून ठेवायचं. आणि माझ्या हाडाला, मानोंग?"

सिम्प्लिसिओने मान खाली घातली. त्याला चार मुलं होती आणि आपोंच्या व्हॅनमध्ये दोन वेळचं जेवण मिळत होतं.

"डॉक्टर सांगेल तेवढे दिवस," तो शेवटी म्हणाला. "त्याआधी सोडू नकोस."

सेलेरिनाने कात्री ताटलीत ठेवली. ठेवल्याचा आवाज रेडिओवरून अख्ख्या प्रांताने ऐकला असं तो माइकवाला तरुण नंतर सांगत फिरत असे. ती आईपाशी येऊन उभी राहिली आणि हळूच म्हणाली की घरी जाऊया. पुरिंगने तिचा चांगला हात धरला. तिला रडू आलं, आणि तिने ते लपवलं नाही.

आपोंना शेजारच्या गावातून तातडीचं बोलावणं आलं. कोणी आणलं ते कळलं नाही, पण अर्ध्या तासात व्हॅन गेली. सिम्प्लिसिओ आणि त्याची पेटी मागेच राहिली. कापितानाने शिल्लक बाटल्यांतल्या चार घरी नेल्या, कारण तेल चांगलं होतं, तिने सांगितलं, केसांना लावायला.

यानंतर सगळं गोड झालं असं लिहायला मलाही आवडलं असतं. सणाला दातांच्या डॉक्टरच्या बायकोने पियानो बडवला, दांडी टिकली. मनिलाच्या बाईंनी टाळ्या वाजवल्या, भाजलेल्या डुकराची तारीफ केली आणि दुसऱ्याच गावची मुलगी निवडली. त्या संध्याकाळी सेलेरिना उशीत तोंड खुपसून रडली. पुरिंग तिच्याजवळ बसून राहिली आणि सगळं ठीक होईल असं एकदाही म्हणाली नाही, कारण ते तिला माहीत नव्हतं. नऊ दिवसांचं स्वप्न गेलं ते गेलंच. खऱ्याची बाजू घेतली म्हणून कोणी हातावर खाऊ ठेवत नाही.

प्लास्टरचे सहा आठवडे भरल्यावर दोघी इलोइलोला गेल्या. डॉक्टरने छोट्या करवतीने प्लास्टर कापलं, एक्स-रे काढला. हाडं सरळ जुळली होती. हात बारीक झाला होता, मनगट वळत नव्हतं, पण बोटं पाचही हलत होती, आणि सेलेरिनाने तपासणीच्या टेबलावरच ती एकेक करून वाजवून पाहिली.

बाहेर बाकावर एक कोळी बसला होता, पस्तिशीचा, काळाकभिन्न. त्याचा उजवा हात मनगटाच्या वर बाहेरच्या बाजूला वाकलेला होता. पुरिंगने विचारलं तेव्हा तो खालच्या आवाजात सांगू लागला. शेजारच्याच गावचा. गेल्या महिन्यात आपो लासारो आले होते, त्यांनी प्लास्टर कापलं, तेल लावलं. दोन दिवस बरं वाटलं. आता जाळं ओढता येत नाही, वल्हं धरता येत नाही, बायको दुसऱ्यांच्या होड्यांवर मासळी निवडायला जाते.

"आपोंचा दोष नाही," तो म्हणाला. "त्यांनी सांगितलं, माझीच श्रद्धा कमी पडली."

पुरिंगच्या ओठांवर शिवी आली. पण सेलेरिना त्या माणसाच्या शेजारी बसली होती. तिने त्याला विचारलं की हात मोडल्यापासून प्लास्टर कापेपर्यंत किती दिवस झाले होते. त्याने आठवून सांगितलं, सोळा. मग तिने त्याला सरस, दोरा आणि पंचवीसचा बल्ब, सगळं सांगितलं, सावकाश, एकही गोष्ट न गाळता. तो ऐकत राहिला. मध्येच तो आपल्या वाकड्या हाताकडे बघायचा.

तुम्ही हे वाचताय, तुमच्याही गावात असा कोणीतरी येईल. त्याचं तेल वेगळं असेल, लॅटिन वेगळी असेल. त्याला शिव्या देऊ नका, त्याच्या पायाही पडू नका. फक्त विचारा की हे व्हायला किती दिवस लागले, तेवढे दिवस दाराआड कोण होतं, त्याच्या पेटीत काय होतं, आणि दोरा सोडून दाखवता का. उत्तर द्यायला जो चिडतो त्याच्या हातात आपला हात देऊ नका. हे विचारण्यासाठी शाळा शिकावी लागत नाही, आणि विचारल्याने कोणाचाही देव रागावत नाही.

"मग माझी श्रद्धा," कोळी म्हणाला, "ती कमी नव्हती पडली?"

"नाही, मानोंग," सेलेरिना म्हणाली. "दिवस कमी पडले. हाड पुन्हा बसवता येतं, चला, आत डॉक्टर आहेत." आणि तिने त्याला उठवण्यासाठी आपला बारीक झालेला डावा हात पुढे केला.